मामाचा काटा आणि आयआरक्यू ४

आमच्याकडे लग्न असो की बारसं, एक प्रश्न ठरलेला असतो. "तू नेमकं करतोस तरी काय रे?" नुसतं 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणून आता भागत नाही, कारण घरातली निम्मी पोरं कॉम्प्युटरमध्येच आहेत. मग मी सांगतो, की ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्यात माझं काम चालतं. कॉम्प्युटरला जोडलेलं प्रत्येक उपकरण कोण आहे, त्याला काय काय लागतं, हे विचारून घ्यायचं आणि त्याप्रमाणे वाटप करायचं. मागच्या वेळी हे ऐकून आत्या म्हणाली, "म्हणजे चौकशीची खिडकी की!"

इतक्या वर्षांत मला स्वतःला इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं :) तर आज या चौकशीच्या खिडकीबद्दल. आणि ती बंद असली की काय होतं, त्याबद्दल. ते मी पहिल्यांदा पाहिलं आष्टी तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर.

साल २००२. मी इंजिनिअरिंगला होतो आणि सुट्टीत मामाकडे गेलो होतो. मामा गावातल्या केंद्रावर दूध घ्यायचं काम करायचा. पहाटे पाचपासून कॅन आणि किटल्यांची रांग. तिथे नुकताच एक जुना, सेकंडहँड कॉम्प्युटर बसवला होता. इलेक्ट्रॉनिक काटा एका केबलने त्याला जोडलेला, फॅट काढायचं यंत्र दुसऱ्या केबलने. दूध काट्यावर ठेवलं की वजन आपोआप कॉम्प्युटरमध्ये जायचं, फॅट आपोआप यायची, आणि प्रिंटरमधून पावती. गावात मोठं कौतुक.

महिनाभरात कौतुक आटलं. काट्यावर साडेबारा किलो दिसायचं आणि पावतीवर अडीच यायचं. रोज नाही, प्रत्येकाचं नाही, पण यायचं. ज्याच्या लक्षात यायचं तो भांडायचा आणि मामा हाताने दुरुस्त करून द्यायचा. पण एक दिवस एका म्हातारीच्या नातवाने घरी गेल्यावर पावती वाचली. दुसऱ्या दिवशी तो ती घेऊन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दिसलं तेवढं दुरुस्त करता. न दिसलेलं किती आहे?"

या प्रश्नाला मामाकडे उत्तर नव्हतं. कॉम्प्युटर चुकत नाही अशी गावाची समजूत. काटा तर समोर बरोबर दाखवतोय. मग मधे उरला कोण? मामा.

सुट्टी होती, अंगात नवं शिक्षण होतं. मी डबा उघडला. त्या काळच्या कॉम्प्युटरमध्ये उपकरणाला कर्नलचं किंवा प्रोसेसरचं लक्ष वेधायचं तर एक घंटी असायची, तिला इंटरप्ट म्हणतात. तिच्या तारेचा नंबर म्हणजे आयआरक्यू. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत अशा ८ तारा होत्या. १९८४ च्या एटीमध्ये दुसरी चिप जोडून १५ वापरता येऊ लागल्या. त्यातली ० घड्याळाच्या ठोक्याची, १ कीबोर्डची, ६ फ्लॉपीची, १४ हार्ड डिस्कची. सिरियल पोर्ट चार असले तरी रिवाजाप्रमाणे पहिल्याला आणि तिसऱ्याला मिळून एकच तार, नंबर ४. दुसऱ्याला आणि चौथ्याला मिळून नंबर ३.

मामाच्या कॉम्प्युटरमध्ये काटा पहिल्या पोर्टवर होता. दुसऱ्यावर माउस. म्हणून फॅटचं यंत्र जोडायला कुणीतरी एक जास्तीचं कार्ड घालून तिसरा पोर्ट काढला होता. झालं! दोन घरांना एकाच घंटीची दोरी. एकाने ओढून धरली असताना दुसऱ्याने ओढली तर आतल्याला पत्ताच लागत नाही. आणि त्या जुन्या सिरियल चिपमध्ये आलेलं अक्षर ठेवायला जागा एकाच अक्षराची. वेळेवर कुणी उचललं नाही तर पुढचं अक्षर येऊन त्याच्यावर बसतं. काट्याने '१२.५' पाठवलं, '१' गळाला, उरलं '२.५'. प्रोग्रॅमने ते निमूटपणे छापलं.

कार्डावर जंपर नावाची चिमुकली टोपी असते. ती काढून मी आयआरक्यू ५ च्या खुंट्यांवर बसवली, प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये तोच नंबर भरला. त्या दिवसापासून एकही पावती चुकली नाही.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. मी मोठ्या उत्साहाने लोकांना सांगायला गेलो, की दोष कार्डाचा होता. लोकांनी ऐकून घेतलं. एक जण मामाला म्हणाला, "भाचा हुशार आहे तुमचा. बरोबर बाजू घेतली." माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. ते सॉफ्टवेअर डॉसवर चालायचं, आणि कुणाकडे कुठली तार आहे याची वहीच डॉस ठेवत नसे. जो प्रोग्रॅम येईल त्याने हवी ती तार धरावी, हवा तो पोर्ट वापरावा. दोघांनी एकच तार धरली तरी कुणी हटकणार नाही, कुठे नोंद होणार नाही. मामाने दोन महिन्यांनी ते काम सोडलं.

नंतर लिनक्स शिकताना प्रॉक नावाच्या फोल्डरमधली इंटरप्ट्स ही फाइल पहिल्यांदा उघडली, तेव्हा मी थोडा वेळ नुसता बघत बसलो. साधी अक्षरांची फाइल. कुठली तार, ती किती वेळा वाजली, आणि कुठल्या ड्रायव्हरच्या नावावर आहे. शेजारीच आयओपोर्ट्स आणि आयओमेम या फाइली, म्हणजे पोर्टचे आणि मेमरीचे पत्ते कुणाकुणाला दिलेत त्याचा सातबारा. लिनक्समध्ये ड्रायव्हरला तार हवी असेल तर कर्नलकडे मागावी लागते. ती दुसऱ्याकडे असेल आणि दोघांनीही 'वाटून घेऊ' असं आधी कबूल केलेलं नसेल, तर कर्नल सरळ नाही म्हणतो. वाईट वाटलं. मामाच्या केंद्रावर ही एक फाइल असती तर मी तिची प्रिंट काढून भिंतीवर चिकटवली असती.

अर्थात वही ठेवणं निराळं आणि उपकरणाला विचारता येणं निराळं. जुन्या कार्डांना विचारायची सोयच नव्हती. कर्नल अंधारात चाचपडायचा, या पत्त्यावर नेटवर्क कार्ड आहे का बघू म्हणून काही लिहून पाहायचा, आणि तिथे भलतंच कार्ड निघालं की अख्खा कॉम्प्युटर गोठायचा. म्हणून लिनक्सला सुरू होतानाच सांगावं लागे, की बाबा, या पत्त्यांना हात लावू नकोस.

१९९२ मध्ये इंटेलने पीसीआय आणलं आणि हे बदललं. प्रत्येक पीसीआय उपकरणाजवळ २५६ बाइट्सची एक ओळखवही असते, आणि तिची रचना ठरलेली. सुरुवातीला बनवणाऱ्याचा नंबर, मग उपकरणाचा नंबर. इंटेलचा नंबर ८०८६, त्यांच्या गाजलेल्या चिपचाच! कर्नल एकेका जागेवर जाऊन विचारतो, कोण आहे? उत्तरात सगळे बिट एक आले, तर घरात कुणी नाही. पुढे.

त्याहून सुंदर आहे ते गरज विचारणं. उपकरणाला मेमरीतली किती जागा लागते हे कळायला कर्नल त्याच्या पत्त्याच्या रकान्यात सगळे बिट एक लिहितो आणि तोच रकाना परत वाचतो. उपकरणाने खालचे जेवढे बिट शून्यावर पक्के धरून ठेवलेले असतात, तेवढी त्याची गरज. खुणेचे चार बिट सोडून मोजलं आणि शेवटचे १४ बिट शून्य निघाले, तर १६ केबी. मग कर्नल सगळ्यांच्या गरजा बघून जागा ठरवतो आणि तो पत्ता त्याच रकान्यात लिहून देतो. किती हवं ते उपकरण सांगतं, कुठे बसायचं ते कर्नल ठरवतो. आपल्या पंगतीचाही नियम हाच नाही का?

यूएसबी तर वीजही विचारून देतं. ज्यांनी हे काम पुढे नेलं ते अजय भट्ट मूळचे बडोद्याचे; १९९६ च्या पहिल्या यूएसबीमागे त्यांचा मोठा वाटा. यूएसबी २.० मध्ये नवीन उपकरणाला सुरुवातीला १०० मिलिअँपिअरच्या वर घ्यायची परवानगी नाही. आधी स्वतःचं वर्णन द्यायचं, त्यात गरज लिहायची, मग कर्नल मंजूर करेल तर ५०० पर्यंत. भारनियमनात वाढलेल्या बीड जिल्ह्याच्या माणसाला हे वाचून गहिवरून आलं तर नवल नाही :)

असो. हे सगळं इतकं छान झालंय, तर मी तक्रार कशाची करतोय?

तक्रार अशी, की ज्या यंत्रांशी आज गावातल्या माणसाची गाठ पडते, त्यातली बहुतेक या चौकशीच्या बाहेर आहेत. मोबाइल आणि हातात मावणारी बरीचशी यंत्रं एआरएम चिपवर चालतात. तिथे चिपच्या आतल्या भागांना 'तू कोण, तुला काय लागतं' हे विचारायची सोय नसते. बनवणारा एक यादी लिहून देतो. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. कर्नल ती यादी वाचतो आणि विश्वास ठेवतो. पूर्वी तर ही माहिती प्रत्येक बोर्डागणिक कर्नलच्या कोडमध्येच कोंबलेली असायची. २०११ मध्ये त्या पसाऱ्यावर लायनस टोरवाल्ड्स जाहीरपणे वैतागले, आणि त्यानंतर एआरएमवाले मोठ्या प्रमाणावर याद्यांकडे वळले. सुधारणा झालीच. पण यादी म्हणजे दुसऱ्याने आपल्याबद्दल सांगितलेलं. ती चुकली तर यंत्र स्वतःहून 'असं नाही' म्हणू शकत नाही. आणि ती उघड नसेल तर तिसरा कुणी तपासूही शकत नाही.

आता रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं यंत्र आठवा. ऊसतोडीला जाऊन आलेल्या बाईची बोटं कोयत्याने आणि पाचटाने झिजलेली. अंगठा लावला, जुळला नाही. बोट झिजलंय, की सेन्सर मळलाय, की तिथल्या केबलचा संपर्क तुटतोय, की नेटवर्क गेलंय? यातलं बरंचसं आतल्या कर्नलला वेगवेगळं कळलेलं असतं. बाईला कळतं ते एवढंच, की आपला अंगठा चालत नाही. मधे उरतो दुकानदार. ती त्याच्यावर संशय घेते, तो तिच्यावर. मला तिथे मामाचा काटा दिसतो.

यावर माझे कामातले मित्र म्हणतात, अरे, सामान्य माणसाला इंटरप्टची यादी दाखवून काय करणार? आणि आतली सगळी माहिती उघडी ठेवली तर तिचा गैरवापर होईल. दुसरं म्हणणं खरं आहे. मेमरीचे नेमके पत्ते हल्ली लिनक्सही मुख्य वापरकर्ता सोडून कुणाला दाखवत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पत्ते झाका, दोष झाकू नका. पहिलं म्हणणं मला मान्य नाही. सातबारा तरी कुठे सगळ्यांना वाचता येतो? पण गावात चार जणांना येतो, आणि तो मागता येतो, एवढ्याने फार फरक पडतो.

म्हणून माझं मागणं दोनच गोष्टींचं. ज्या यंत्राच्या उत्तरावर कुणाच्या दुधाचे पैसे किंवा कुणाचं धान्य अवलंबून आहे, त्या यंत्राने आपली उपकरणं, त्यांच्या चुका आणि नोंदी मागितल्यावर दाखवाव्यात, आणि त्याची यादी उघड असावी. आणि दुसरं, आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी केलेली लाखो मुलं-मुली आहेत. त्यांना वर्ड येतं, एक्सेल येतं. त्यांनी एकदा विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन व्ह्यूमधला 'रिसोर्सेस बाय टाइप' हा पर्याय उघडावा. कुठली तार कुणाकडे आहे ते तिथे ओळीने दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. यंत्राला प्रश्न विचारता येतो, एवढं कळलं तरी पुष्कळ.

मागच्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. आता थकलाय. त्याला लॅपटॉपवर ती यादी दाखवली आणि सांगितलं, की आता एकेका उपकरणाला २०४८ पर्यंत घंट्या मिळू शकतात, तारांची भांडणंच राहिली नाहीत. त्याने चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "आणि आपली चार नंबरची?"

मी ओळ दाखवली. त्याने बोट ठेवून बघितलं. "हे त्या पोराला दाखवायला पायजे होतं," म्हणाला.