समुद्राला निघण्याआधीचा एक तास

थंडी पडली की आमच्या बाह्यरुग्ण विभागात ठरावीक मंडळी येऊ लागतात. शाळांच्या सहली निघायच्या असतात. सर मुलांच्या वैद्यकीय प्रमाणपत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवतात, ओआरएसची पाकिटे मागतात, बस लागू नये म्हणून गोळ्या मागतात. यंदा तालुक्यातल्या एका शाळेच्या सरांना मी सहज विचारले, ‘‘सर, कुठे निघालात?’’

‘‘मालवण, डॉक्टरसाहेब. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, मग तारकर्लीचा समुद्र.’’

‘‘किती मुलांना पोहता येतं?’’

सर हसले. ‘‘अहो, आमचे पोट्टे पन्नास फुटांच्या विहिरीत उड्या मारतात. त्यांना समुद्राची काय भीती?’’

हे उत्तर मी पूर्वीही ऐकले आहे आणि दर वेळी मला त्याचीच भीती वाटते.

आधी हे सांगतो की मुलांनी समुद्रावर जावे, जरूर जावे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात अनेक घरांमध्ये आजोबांनी समुद्र पाहिलेला नसतो. मालवणला गेल्यावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग पाण्यात उभा दिसतो. त्याच्या आसपासच्या समुद्रात प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत. म्हणूनच १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, ते पाहताना भूगोलाचा धडा वेगळा वाचावा लागत नाही. वाळूवर दोन-तीन किलोमीटर अनवाणी चालले की पायांचे स्नायू दमतात, रात्री गाढ झोप लागते, मोबाइलची आठवण होत नाही. एक डॉक्टर म्हणून मी याहून चांगले औषध लिहून देऊ शकत नाही.

पण १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतील ८ जण गेले. दोन्ही ठिकाणची मुले समुद्रापासून दूरच्या गावांतून आली होती. आपली मुलेही तशीच आहेत.

आपल्याला पाणी माहीत आहे ते विहिरीचे, शेततळ्याचे, धरणाचे. खारे पाणी म्हटले तर लोणारचे सरोवर आणि पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. या पाण्यात धोका खोलीचा असतो. समुद्रात मात्र कमरेएवढ्या पाण्यातही धोका असतो, कारण ते पाणी चालते. लाटा एकामागून एक किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधते आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढले जाते. इंग्रजीत त्याला रिप करंट म्हणतात, आपण ओढ म्हणू. मोठ्या ओढीचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. ऑलिम्पिकमधला पोहणारासुद्धा जेमतेम तेवढ्याच वेगाने पोहतो. मग विहिरीतला पट्टीचा पोहणारा ओढीच्या विरुद्ध किती वेळ टिकणार?

त्यातही फसवणूक अशी की ही जागा शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, फेस असतो आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटत नाही. पाणी गडद किंवा गढूळ दिसते. नवख्या माणसाला वाटते, इथे लाटा नाहीत, इथेच उतरू.

ओढीत सापडलेला माणूस ओढीने मरत नाही, तो दमून मरतो. ओढ माणसाला तळाशी नेत नाही, फक्त किनाऱ्यापासून दूर नेते आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे तिचा जोर ओसरतो. पण घाबरलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारू लागतो. काही मिनिटांत दम संपतो, नाकातोंडात पाणी जाते. म्हणून मुलांना हे पाठ करून द्यावे: ओढीशी भांडायचे नाही. उताणे होऊन तरंगायचे, एक हात वर करून मदत मागायची. पोहायचेच तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे पोहायचे आणि ओढ सुटली की तिरपे किनाऱ्याकडे यायचे.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातली जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी जास्त वर चढते आणि जास्त आत जाते. हा ढोबळ हिशेब आहे. नेमकी वेळ आणि उतरण्याची जागा गावातल्या मच्छीमाराला विचारावी. तो नको म्हणाला तर उतरू नये. आपल्या शेतात कुठे दलदल आहे हे आपण शहरच्या पाहुण्याला सांगतो, तसेच हे आहे.

तिसरी गोष्ट, बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याला श्वासच पुरत नाही, ओरडणार कशाने? तो उभ्याचा उभा पाण्यात वरखाली होतो, हात बाजूला दाबतो आणि मिनिटभरात दिसेनासा होतो. त्यामुळे पाण्यात उतरलेल्या मुलांवर किनाऱ्यावरून नजर ठेवणारी माणसे वेगळी नेमावीत. त्यांनी फोटो काढायचे नाहीत आणि बोलत बसायचे नाही, फक्त डोकी मोजायची. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. लाटांकडे कोणीही पाठ करून उभे राहू नये.

एकाला वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि असे घरचे दोघे-तिघे एकदम जातात. हे धरणावरही घडते आणि समुद्रावरही. म्हणून आधी पाण्यात उडी टाकू नये, वस्तू टाकावी: दोर, साडी, रिकामा झाकण लावलेला कॅन, गाडीची हवा भरलेली ट्यूब. सहलीच्या सामानात वीस मीटरचा दोर आणि दोन कॅन ठेवायला खर्च येत नाही.

बाहेर काढल्यावर काय करायचे, याबाबत आपल्याकडे चुकीच्या समजुती फार. पालथे घालून पोट दाबतात, पाय धरून उलटे टांगतात. त्यात वेळ जातो, उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते. प्राणवायू तुटल्यावर मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटे पुरतात. माणूस हाक मारूनही हालत नसेल आणि श्वास घेत नसेल तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच कामाला लागावे. उताणे झोपवून, डोके मागे करून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी ३० वेळा दाब, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसाची छाती साधारण ५ सेंटिमीटर खाली जाईल इतका. पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यावे; फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते.

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे आकर्षण असते. ते प्रशिक्षित माणसाबरोबर सुरक्षित करता येते. पण दमा, हृदयविकार, फिट्स, कानाच्या पडद्याला छिद्र किंवा साधी जोरदार सर्दी असेल तर करू नये. दर दहा मीटर खाली गेले की एका वातावरणाइतका दाब वाढतो. खाली घेतलेला श्वास रोखून वर आले तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटू शकते. वर येताना श्वास कधीच रोखायचा नाही, हे लक्षात ठेवावे. बोटीत बसताना लाइफ जॅकेट घालून त्याचे पट्टे आवळावेत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. मोठ्यांनी दारू पिऊन पाण्यात उतरू नये, हेही सांगायला हवे.

अपघात झाला की दोन मागण्या पुढे येतात: सहली बंद करा, किनारे बंद करा. मला दोन्ही पटत नाहीत. सहल बंद झाली तर मुले उद्या मोठी होऊन मित्रांच्या गाडीने तिथेच जातील, शिक्षक सोबत नसताना. पावसाळ्यात समुद्राला पाठ दाखवणे योग्यच. मच्छीमारांनाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पण इतर वेळी शहाणपण शिकवून पाठवणे हाच उपाय आहे. आम्ही सहलीसाठी प्रमाणपत्र देतो ते ताप-खोकला नाही याचे. त्याला जोडून एक तासाचा वर्ग व्हावा. ओढ कशी ओळखायची, सापडलो तर काय करायचे, छातीवर दाब कसा द्यायचा, एवढेच त्यात असावे. शिक्षण विभागाने सहलीच्या परवानगीच्या कागदात हा वर्ग झाल्याची एक ओळ घालावी. आरोग्य विभागाने प्राथमिक आरोग्य केंद्रांना हे काम सांगावे. पैसा लागत नाही. हा धडा धरणावरही उपयोगी पडतो. देशात दरवर्षी ३५ हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात आणि त्यातली बहुतेक नदी, तळी, विहिरींतच.

त्या सरांशी मी वाद घातला नाही. त्यांनीच शनिवारी शाळेत या म्हणून सांगितले. मी एक उशी घेऊन गेलो; तिच्यावर मुलांनी दाब द्यायचा सराव केला. मैदानावर चुन्याने किनारा आखला, मधली ओढ आखली आणि मुलांना तिच्यातून आडवे बाहेर पडायला लावले. विहिरीत उड्या मारणारी ती पोरे पहिल्यांदा सरळ किनाऱ्याकडेच धावली. तिसऱ्या वेळी सगळी आडवी वळली. सहल ठरल्याप्रमाणे निघाली आणि सामानात दोर होता.

ज्या शाळांच्या सहली अजून निघायच्या आहेत, त्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना हा एक तास मागावा.