जुने म्हणून निर्धोक?

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवता येतो. त्याला आभासी संगणक म्हणतात. आतल्याने काहीही उपद्व्याप केला तरी बाहेरच्याला धक्का लागू नये, अशी त्यामागची अपेक्षा असते.

'क्यूएमयू' या प्रणालीत २०१९ साली या भिंतीला भोक सापडले. नेटवर्कमधून जाणाऱ्या मोठ्या संदेशाचे तुकडे होतात व पुढे ते जोडले जातात. आतून मुद्दाम वेडेवाकडे तुकडे पाठवले, तर जोडणारा भाग नेमून दिलेल्या जागेबाहेर लिहू लागे. त्यामुळे प्रणाली बंद पडे; बाहेरच्या संगणकात शिरकाव होण्याचाही धोका होता. त्याच वर्षी दुरुस्ती झाली.

हा भाग 'स्लर्प' या कार्यक्रमातून आलेला. तो १९९० च्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडण्यासाठी लिहिला गेला होता. पहारेकऱ्याचे काम त्याच्याकडे पुढे आले.

म्हणूनच "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" हा विचार आम्हाला मान्य नाही. शाळेच्या संगणक कक्षातील प्रणाली प्रत्येक सत्रात एकदा तपासून अद्ययावत व्हाव्यात. विश्वस्तांनी त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी. पालकांनीही घरच्या संगणकाकडे असेच लक्ष द्यावे.

विद्यार्थी मित्रहो, क्यूएमयूची संहिता सर्वांना वाचायला खुली आहे. वारशाने आलेली वस्तू जरूर वापरा; पण ती कशासाठी घडली आणि आज तिच्यावर कोणता भार आहे, हे विचारत चला.