टाळ्या पुष्कळ झाल्या, आता साथ हवी

मैफलीची एखादी जाहिरात नीट पाहावी. वर गवयाचे नाव ठळक टाइपात, त्याखाली घराणे, मग गुरूंची नावे, मग पुरस्कार. आणि अगदी तळाशी, शाई उरली तर उरली अशा बारीक अक्षरांत एक ओळ : साथसंगत. तबल्यावर अमुक, संवादिनीवर तमुक. मागे तानपुऱ्यावर बसणाऱ्या दोन मुलांना त्या ओळीतही जागा नसते.

‘साथ’ हा आपल्या संगीतातला किती सुंदर शब्द! आपल्याकडे एकट्याचे गाणे असे जवळजवळ नसतेच. गवयाचा सूर तानपुरा सांभाळतो, लय तबला सांभाळतो आणि श्वास घ्यायला तो थांबला की मधली जागा संवादिनी किंवा सारंगी भरून काढते. तीन तास ही माणसे एकमेकांना पडू देत नाहीत. पण भैरवी झाली, पाकिटे हातात पडली, रिक्षा निघाल्या, की जो तो आपापल्या घरी एकटा. मंचावर एकमेकांची साथ करणाऱ्या या मंडळींच्या साथीला मंचाखाली कोण आहे, हा प्रश्न आज मला वाचकांपुढे ठेवायचा आहे.

मी स्वतः गवई नाही. आमच्या लहानशा गावातल्या संगीत मंडळात सतरंज्या अंथरणाऱ्या, कलावंतांना स्टेशनावरून आणणाऱ्या आणि वर्गणीसाठी दारोदार हिंडणाऱ्या मंडळींपैकी मी एक. गाणे समोरून ऐकण्याइतकेच ते मागच्या बाजूने पाहण्याचा योग मला पुष्कळ आला. मागच्या बाजूने जे दिसते ते फारसे सुरेल नसते. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट आणि त्यानंतरचे थंडीतले महोत्सव एवढाच साथीदारांचा सुगीचा काळ. एरवी शिकवण्यांवर गुजराण. मनगट दुखावले तर रजा नाही, साठी उलटली तर पेन्शन नाही, आणि कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला तर प्रवासखर्चसुद्धा मागायची चोरी. कारण मागितला, तर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावणे जाते!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ही सारी नाजूक मांडणी एका रात्रीत उघडी पडली. चैत्रापासूनच्या जत्रा गेल्या, त्याबरोबर तमाशा फडांचा हंगाम गेला. लग्ने गेली, तेव्हा बँडवाले घरी बसले. डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवही त्या वर्षी झाला नाही. आमच्या मंडळाच्या वहीत साथीदारांची नावे होती, फोन नंबरही होते. पण कोणाच्या घरी चूल कशी पेटते आहे, हे कळायला मार्ग नव्हता. एका वयस्कर सारंगियांनी आपली सारंगी विकल्याचे आम्हाला कळले, ते ती विकत घेणाऱ्याकडून.

‘अहो, आता तर घरोघरी मोबाइल आहे. कलावंत एकटा कसला? त्याला तर सारे जग जोडले आहे,’ असे यावर कोणी म्हणेल. म्हणणे अर्धे खरे आहे. इंटरनेटने कलावंत श्रोत्यांशी जोडला गेला. खेड्यातला मुलगा आपले वादन जगापुढे ठेवू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण कलावंत कलावंताशी जोडला गेला का? फोनवर वादकांचे गट पुष्कळ आहेत. त्यांत सकाळी सुप्रभात, सणाला शुभेच्छा, मधूनच एखाद्याची ध्वनिफीत आणि तिच्याखाली टाळ्या वाजवणारे पिवळे पंजे. टाळ्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. टाळ्या संपल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे.

मागच्या पिढ्यांनी या प्रश्नाची उत्तरे शोधली होती. मुंबईत धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गोव्यातल्या एकेका गावच्या माणसांनी मिळून चालवलेली बिऱ्हाडे होती. काही आजही आहेत. कोकणीत त्यांना ‘कूड’ म्हणतात. भिंतीशी ओळीने लावलेल्या ट्रंका, कोपऱ्यात देव्हारा आणि अगदी माफक भाडे. बोटीवरचा खलाशी, हॉटेलातला आचारी आणि गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून आलेला व्हायोलिनवाला, सगळ्यांचे पहिले पाऊल तिथेच पडे. हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, त्यातले कितीतरी वादक असल्या गावकीच्या आधारानेच मुंबईत टिकले. गाण्याच्या तबकडीवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे, वादकाचे नसे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे मोठे व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक. १९५८ साली भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्यांनी उभा केला. पण त्यांचे नाव घरोघरी पोचले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका पात्रामुळे, आणि तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेपायी! पुढे सिंथेसायझर आला आणि पन्नास व्हायोलिनांचे काम एक माणूस करू लागला. तेव्हा अनेकांचे धनुष्य कायमचे पेटीत गेले.

ही चिंता काही केवळ आपल्याच मुलखाची नव्हे. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये किच नावाचा एक नामांकित ओबोवादक होता. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जातीचे वाद्य. तो दारिद्र्यात वारला आणि काही काळाने त्याची पोरकी मुले हेमार्केटच्या रस्त्यावर गाढवे हाकताना त्याच्या जुन्या सहकाऱ्यांना दिसली. त्या दृश्याने अस्वस्थ झालेल्या वादकांनी १७३८ मध्ये वर्गणी काढून एक निधी उभारला. थोर संगीतकार हँडल त्याच्या आरंभीच्या सभासदांत होता आणि मृत्युपत्रात त्याने या निधीला एक हजार पौंड ठेवले. ती संस्था रॉयल सोसायटी ऑफ म्युझिशियन्स या नावाने आजही चालू आहे. ती उभी राहिली वादकांच्या वर्गणीतून. कोणा राजाच्या मेहेरबानीची त्यांनी वाट पाहिली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडेही संस्था कमी झाल्या नाहीत. कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब १८८३ चा. पुण्याचा भारत गायन समाज भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये काढला. पण मोठा धडा दिला तो विष्णु दिगंबर पलुस्करांनी. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये मुंबईला. विद्यार्थ्यांना ठेवून घ्यायचे, जेवू घालायचे, शिकवायचे, आणि हे सारे स्वतः गाऊन मिळवलेल्या पैशांवर. अखेर कर्ज डोईजड झाले आणि मुंबईची वास्तू हातची गेली. १९३१ मध्ये पंडितजी वारले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि ते आजही टिकून आहे. एका खांद्यावरचे ओझे कितीही बळकट खांदा असला तरी एक दिवस खाली येते. अनेक खांद्यांवरची पालखी चालत राहते.

म्हणून मला वाटते, आज जर कूड उभी करायची असेल तर ती इंटरनेटवर करावी. चंद्रपूरचा तबलजी, सावंतवाडीचा पखवाजिया आणि सोलापूरचा क्लॅरिनेटवाला यांना एका छपराखाली आणणारे दुसरे साधन नाही. मात्र त्याची मर्यादा आधी ओळखावी. फोनवरून एकत्र मैफल जमेल, हा भ्रम टाळेबंदीत पुष्कळांचा फिटला. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवर बसलेल्याचा ठेका आपल्याला सेकंदाच्या सुमारे तीस-सहस्रांश भागाने उशिरा ऐकू येतो. तेवढ्यावर वादक कसाबसा सांभाळून घेतो. त्यापुढे लय ओढली जाऊ लागते. फोनवरच्या नेहमीच्या दृश्य-संभाषणात उशीर याच्या कितीतरी पट असतो. समेवर दोघे भेटणार कसे? खास यंत्रणा आहेत, पण त्यांना तारेची जोडणी आणि बेताचे अंतर लागते. तेव्हा इंटरनेटवर मैफल जमवण्याच्या मागे न लागता मैफलीबाहेरची साथ त्याच्याकडून घ्यावी.

ती साथ कोणती? पहिली गोष्ट, एक खरी यादी. कोण, कुठे, काय वाजवतो, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत. आज काम ओळखीवर मिळते आणि ओळख शहरात राहणाऱ्याला मिळते. दुसरी, बिदागीचा किमान दर आणि रद्द झालेल्या कार्यक्रमाची भरपाई याबद्दल सगळ्यांनी मिळून ठरवलेला संकेत. एकट्याने मागितले की तो हट्ट ठरतो, पाचशे जणांनी मागितले की रीत ठरते. तिसरी, वाद्यांची देखभाल. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण विदर्भातल्या शिकाऊ मुलाच्या सतारीची जवारी बिघडली तर ती लावून देणारा कारागीर त्याला ठाऊक नसतो, आणि कारागिराला तो. चौथी, कायद्याची माहिती. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सादरीकरणाच्या व्यापारी वापराबद्दल कलावंताचाही मोबदल्याचा हक्क मान्य झाला. किती वादकांना हे कोणी समजावून सांगितले? राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांना मानधन देणारी योजना आहे, पण अर्ज भरून द्यायला माणूस हवा. आणि पाचवी, आजारपणाचा निधी. दरमहा थोडीथोडकी वर्गणी, आणि हिशेब सर्वांपुढे उघडा.

आक्षेप येतील. कलावंत मुळात एकमेकांचे स्पर्धक, ते कसले एकत्र येतात? पण लंडनचे वादक काय एकमेकांचे स्पर्धक नव्हते? मंचावर तबलजी आणि सतारिया सवाल-जवाबात एकमेकांना कोंडीत पकडतात आणि समेवर हसत भेटतात. ही कला त्यांना शिकवायला नको. दुसरा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो, तो स्वाभिमानाचा. आजारी कलावंताचा रुग्णालयातला फोटो आणि बँकेचा खाते क्रमांक फोनवरून गावभर फिरतो, तेव्हा मदत मिळते, पण माणूस मान खाली घालून ती घेतो. निधीतून मिळालेला पैसा हा आपल्याच वर्गणीचा असतो. तो घेताना मान ताठ राहते. म्हणूनच फोटो फिरवायचे नाहीत, नाव जाहीर करायचे नाही, हा नियम पहिल्या दिवशीच हवा. शिवाय वादन क्षेत्रात आता मुली पुष्कळ येत आहेत. त्यांचे फोन नंबर कोणालाही खुले राहणार असतील तर त्या या कट्ट्यावर फिरकणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच ठरेल. ज्या वृद्ध वादकांना स्मार्टफोन हाताळता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक गावातल्या संगीत मंडळाने एक कार्यकर्ता नेमावा. सतरंज्या घालणारे हात एवढे काम सहज करतील.

वाचक म्हणतील, यात आमचा काय संबंध? आहे. रविवारी सकाळी चहाबरोबर अभंग आपण सगळेच ऐकतो. त्या अभंगातला पखवाज कोणी वाजवला, एवढा प्रश्न घरातल्या मुलांनी एकदा तरी विचारावा. मुंजीला, लग्नाला, सोसायटीच्या गणपतीला वादक बोलावले तर त्यांचे पैसे त्याच रात्री, घासाघीस न करता द्यावेत. त्यांना जेवायला बसवावे. कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावे वाचता येतील अशा अक्षरांत छापावीत. फुकट पास मिळत असतानाही एखादे तिकीट विकत घ्यावे. आणि वादकांची अशी सहकारी संस्था आपल्या गावात उभी राहत असेल तर तिचे हितचिंतक सभासद व्हावे.

सारंगी हे माणसाच्या गळ्याला सर्वांत जवळचे वाद्य, असे जाणकार सांगतात. ती वाजवणारे हात आता मोजकेच उरले आहेत. त्यांतला एखादा हात विकायला काढलेले वाद्य कापडात गुंडाळत असेल, तर ते ग्राहकाच्या आधी त्याच्या साथीदारांना कळले पाहिजे. इतके साधले, तरी ही नवी कूड उभारल्याचे सार्थक होईल.