कैद्याचे मन सरकारजमा नाही

दिवाळीच्या अंकात वाचकांना फराळाच्या ताटाबरोबर चार हलकेफुलके शब्द हवे असतात, हे मला ठाऊक आहे. तरीही, घरोघर कंदील लागले असताना जिथे एकही पणती पोचत नाही, त्या कोठडीतला एक प्रश्न आज मांडतो. कैद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध मनोविकारावरचे औषध द्यायचे असेल, तर ते कोणी ठरवायचे?

“डॉक्टरांनी! त्यात विचारायचे काय?” असे कोणीही शहाणा गृहस्थ म्हणेल. डॉक्टरांविषयी मला आदरच आहे. औषधांनी कित्येक मोडलेले संसार सावरले आहेत आणि आजारी कैद्याला औषध नाकारणे हे पापच होय. पण तुरुंगातला डॉक्टर हा तुरुंगाचाही नोकर असतो. रात्री ओरडणाऱ्या, सारखे तक्रारअर्ज लिहिणाऱ्या कैद्याला बरे करणे आणि त्याला गप्प करणे, या दोन गोष्टी तिथे सहज एक होऊन बसतात. शाळामास्तर म्हणून सांगतो, वर्ग गप्प बसला म्हणजे त्याला गणित आले असे होत नाही!

शिवाय कैद्याची दोन्हीकडून कोंडी. “मला बरे नाही” म्हणाला, तर वेड पांघरून पेडगावला निघाला. “मला औषध नको” म्हणाला, तर तोच वेडाचा पुरावा!

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याहून शहाणा आहे. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयच घेता येत नाही असे मानू नये, असे तो बजावतो. आणीबाणीतले उपचार ७२ तासांपुरतेच, असे तो म्हणतो. मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, हे रुग्णाला सांगण्याचे कर्तव्य तो तुरुंगाधिकाऱ्यावर टाकतो. न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली पुनर्विलोकन मंडळेही त्यानेच नेमायला लावली.

मग घोडे अडते कुठे? कलम १०३ मध्ये. कैद्याला बाहेरच्या मनोरुग्णालयात न्यायचे तर मंडळाची पूर्वपरवानगी लागते. पण तुरुंगातल्याच मनोरुग्ण विभागात हलवले तरी पुरते! आमच्या बोरीवलीच्या डोंगरापलीकडे ठाण्याला १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे. तिथे पाठवायचे तर चार माणसे कागद पाहणार. भिंतीच्या आतच ठेवले तर कोण पाहणार? आणि सक्तीच्या औषधापूर्वी कैद्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे हे कलम कुठेही सांगत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हार्पर नावाच्या कैद्याच्या खटल्यात सक्ती मान्य केली खरी. पण तिथल्या नियमांत २४ तासांची आगाऊ सूचना होती, चालू उपचारांशी संबंध नसलेली तिघांची समिती होती, हजर राहून उलटतपासणी घेण्याचा आणि अपिलाचा हक्क होता. मला तेवढेही अपुरे वाटते, कारण त्या तिघांत एक तुरुंगाचाच अधिकारी! पण आपल्याकडे तेवढे तरी कुठे लिहिले आहे? सत्य वदवून घेण्यासाठी संमतीवाचून औषध टोचता येणार नाही, हे आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात ठरवले. मग शांत बसवण्यासाठी कसे चालेल?

विचारणारा कोणी नसला की काय होते? आसामच्या माचांग लालुंगना १९५१ साली पकडले. १९६७ साली ते बरे झाल्याचा निर्वाळा मिळाला. सुटका झाली २००५ साली, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर! मुंबईच्या पत्रकार शीला बारसे कोर्टात गेल्या, म्हणून १९९३ साली निरपराध मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा ठरले. म्हणजे बाहेरचे कोणी तरी विचारावे लागते.

“गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला?” वाचकहो, आपल्या तुरुंगांतले बहुसंख्य लोक कच्चे कैदी आहेत, त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. आणि ज्याचा झाला, त्यालाही न्यायाधीशाने कैद सुनावली आहे, इंजेक्शन नव्हे.

मागणे मोठे नाही. ७२ तासांपलीकडच्या प्रत्येक सक्तीला कैद्याच्या भाषेतले लेखी कारण हवे, सोबत त्याचा माणूस आणि वकील हवा, निर्णय उपचार न करणाऱ्यांचा हवा आणि वर अपील हवे. चोरालासुद्धा विचारल्याशिवाय आपण शिक्षा देत नाही. मग आजाऱ्याला विचारल्याशिवाय औषध का द्यावे?