आमच्याकडे तर चालतंय

गेल्या रविवारी गावी, वाशीम जिल्ह्यात, नानांच्या वावरात उभं राहून मी एकच अर्ज चार वेळा भरला आणि चारही वेळा तो डोळ्यांदेखत कोरा झाला. नाना म्हणजे माझे चुलते, वय ६८. सोयाबीन विकत घेणाऱ्या एका कंपनीने यंदा शेतकऱ्यांची नोंदणी फक्त ॲपवरूनच घ्यायची असं ठरवलं आहे. गट नंबर, क्षेत्र, वाण, पेरणीची तारीख असे अकरा रकाने भरायचे आणि शेवटी उभ्या पिकाचा फोटो काढायचा. रकाने भरले. फोटोचं बटण दाबलं, कॅमेरा उघडला, फोटो निघाला, बरोबरची खूण दाबली आणि परत आलो तर समोर पहिलं पान, ‘नोंदणी सुरू करा’. अकराही रकाने रिकामे. नाना आठ दिवस हेच करत होते. आपलंच बोट चुकीच्या जागी पडतंय असं त्यांना वाटत होतं. मला राग आला तो याचा.

सोमवारी तिथूनच कंपनीला फोन लावला. तीन जणांनी पुढे ढकलल्यावर ॲप बांधणाऱ्या मुलापर्यंत पोचलो. मुलगा नम्र होता, मदतीला तयार होता. म्हणाला, “सर, आमच्याकडे तर चालतंय.”

हे वाक्य या स्तंभाच्या वाचकांना नवं नाही. टेस्टिंगच्या नऊ वर्षांच्या नोकरीत मी ते जवळपास रोज ऐकलं आहे. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याच्याकडे खरंच चालत असतं. म्हणून वाद न घालता त्याला एकच विनंती केली. तुझ्या टेस्टिंगच्या फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जा, ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ नावाची कळ आहे ती चालू कर, आणि आता अर्ज भरून फोटो काढ. मिनिटभर पलीकडून काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “हो सर. इथेही जातंय.”

घडत होतं ते असं. नानांच्या फोनची मेमरी ३ जीबी. कॅमेरा उघडला की त्याला भरपूर मेमरी लागते, आणि ती कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप बंद करून जागा मोकळी करतं. अँड्रॉइडची ती जुनीच रीत आहे आणि तिची सूचना डेव्हलपरांना आधीपासून दिलेली आहे. कॅमेऱ्यातून परत येताना ॲप पुन्हा पहिल्यापासून उभं राहतं, तेव्हा मघाशी भरलेलं जपून ठेवणं हे ॲप बांधणाऱ्याचं काम. ते इथे राहून गेलं होतं. ८ जीबीच्या फोनवर ही वेळ सहसा येतच नाही. लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये तर लॅपटॉपची ताकद, ऑफिसचं वायफाय आणि हाताने टाकलेलं ठिकाण (लोकेशन) असतं. तिथे ही चूक वर्षभरही सापडणार नाही.

त्या मुलाशी बोलत असताना मी गोठ्याच्या दाराशी उभा होतो. आत खुंटीवर जुनं गोणपाट टांगलेलं होतं. जूनमध्ये नानांनी त्यावरच बियाणं तपासलं होतं. घरचं सोयाबीन, त्यातून न निवडता घेतलेले शंभर दाणे, ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळी, मग गुंडाळी करून सावलीत. मधेमधे पाणी शिंपडायचं आणि पाच-सहा दिवसांनी उलगडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर ते बियाणं पेरणीला वापरायचंच नाही. कृषी विभाग दरवर्षी मे महिन्यात हे सांगतो, आणि आमच्या भागात तो सांगायच्या आधीही लोक करत होते.

यातली एक गोष्ट मला सोमवारपासून सोडत नाही. गोणपाटावर न उगवलेला दाणा दिसतो. तो आपल्या ओळीतच पडून असतो आणि मोजणीत येतो. नानांचा कोरा झालेला अर्ज मात्र कुठेच मोजला जात नाही. गूगलच्या प्ले स्टोअरवर ॲपच्या प्रकृतीचं मोजमाप होतं. दिवसाच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्के किंवा अधिक जणांसमोर ॲप कोसळलं, किंवा एखाद्याच मॉडेलच्या फोनवर हे प्रमाण ८ टक्क्यांवर गेलं, तर ते वाईट वर्तन धरतात आणि ॲप मागे पडतं. चांगली व्यवस्था आहे. पण नानांच्या फोनवर ॲप वापरणाऱ्याच्या समोर कोसळलंच नाही. ते मागे असताना अँड्रॉइडने शांतपणे बंद केलं, आणि या हिशेबात ते क्रॅश ठरत नाही. त्या मुलाच्या पडद्यावर आठही दिवस सगळं हिरवं होतं. आठ दिवसांत कोणत्या गावात किती जणांनी अर्ज सुरू करून सोडून दिले, हे त्याने पाहिलं नव्हतं, कारण ते पाहायला त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

गोणपाटाच्या आधीचा प्रवास तर आणखी लांब असतो. सोयाबीनचं नवं वाण एखाद्या पैदासकाराच्या प्लॉटवर छान आलं म्हणून कुणी ते शेतकऱ्याच्या हाती देत नाही. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राने ‘फुले संगम’ काढलं, आज ते आमच्या वाशीमपर्यंत पेरलं जातं. असं कुठलंही वाण आधी स्वतःच्या केंद्रावर, मग निरनिराळ्या हवामानाच्या केंद्रांवर, काही हंगाम, तुलनेसाठीच्या (तुल्य) वाणाशेजारी पेरून पाहतात. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत, आणि एका ठिकाणच्या मातीत चाललेलं वाण दुसऱ्या ठिकाणी चालेलच असं नाही. चाचणीत वाईट जागाही मुद्दाम घेतात. पाऊस कमी पडतो ती, रोग जास्त येतो ती. पाऊस दगा देऊ शकतो हे वाण काढणाऱ्याने धरूनच चालायचं असतं.

ॲपची बहुस्थानीय चाचणी घ्यायची तर काय लागतं? तीन-चार जुने फोन, ज्यांची किंमत कंपनीतल्या एका लॅपटॉपपेक्षा कमी असेल. एकाची मेमरी लहान, एकाचं स्टोरेज लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेलं, एकावर अक्षरं सर्वांत मोठी केलेली, म्हणजे ‘पुढे जा’ हे बटण पडद्याखाली जातं की राहतं ते कळेल. एकाची तारीख चुकलेली, कारण तारीख चुकली की सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही आणि ॲप नुसतं ‘इंटरनेट तपासा’ म्हणत राहतं. आणि मग हे फोन घेऊन वावरात जायचं. अर्जाला वावराची जागा, म्हणजे लोकेशनही लागतं. ऑफिसात ती दोन सेकंदांत सापडते, कारण फोन आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज बांधतो. वावरात वायफाय नाही, मोबाइलचं नेटवर्क येऊन-जाऊन. तिथे फोनला उपग्रहाची माहिती थेट उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. एका उपग्रहाचा स्वतःच्या ठावठिकाण्याचा संदेश ३० सेकंदांचा असतो, आणि सगळ्या उपग्रहांचं पंचांग पुरं यायला साडेबारा मिनिटं. झाडाखाली उभं राहिलं, संदेश मधेच तुटला, की पुन्हा थांबा. नानांच्या फोनला जागा सापडायला सहा मिनिटं लागली. ॲप तीन मिनिटांनी हार मानत होतं. हा तीनचा आकडा ज्याने लिहिला तो खुर्चीत बसून लिहिला असणार, याबद्दल मला शंका नाही.

फोनची शेतं म्हणावीत अशी केंद्रंही आहेत. गूगलच्या टेस्ट लॅबमध्ये खऱ्याखुऱ्या फोनवर दूरवरून ॲप चालवून पाहता येतं. मी ती वापरली आहे, उपयोगी आहे. पण ते फोन मांडणीवर ठेवलेले असतात, चार्जिंगला जोडलेले, वायफायवर. तिथे भर उन्हात पडदा दिसत नाही म्हणून कुणी फोनवर गमछा धरत नाही, आणि ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या नंबरवर जातो म्हणून कुणी फोन करून “सांग रे पटकन” म्हणत नाही.

गूगलनेही थोडं पाऊल टाकलं आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान २० जणांकडून सलग १४ दिवस चाचणी घ्यावी लागू लागली. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आणली. मात्र ही अट एकट्याने ॲप करणाऱ्या पोरांना आहे. खातं कंपनीच्या नावावर असेल तर ती लागू नाही. हजारो शेतकऱ्यांचा हंगाम ज्यांच्या हातात, त्यांना बारा माणसंही जमवायची गरज नाही, हे मला अजिबात पटत नाही.

बियाण्याचंही सगळं आलबेल असतं असं मी म्हणत नाही. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला होता, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. पण तेव्हा तक्रार करायला जागा होती. पिशवीवर लॉट नंबर होता, बियाणे कायदा १९६६ सालापासून होता, तालुक्याची समिती वावरात येऊन पंचनामा करत होती. नानांच्या कोऱ्या अर्जाचा पंचनामा कोण करणार? ॲपलाही आवृत्तीचा नंबर असतो, तो कुणाला विचारावासा वाटत नाही.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं आणि ते खरंही आहे. बियाणं एकदा पेरलं की हंगाम गेला, ॲप मात्र रात्रीत दुरुस्त होऊन सकाळी सगळ्यांच्या फोनवर पोचतं. मान्य. त्या मुलानेही दुरुस्ती दोनच दिवसांत केली, आणि मला आवर्जून कळवलं. पण नोंदणीची मुदत शुक्रवारी संपणार होती आणि नव्या आवृत्तीला वरिष्ठांची मंजुरी पुढच्या सोमवारी. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पीक नोंदवू लागला. तेव्हापासून शेतीतल्या एकेका कामाच्या वाटेवर असं एकेक ॲप उभं राहतंय, आणि प्रत्येकाला मुदत आहे. तारखेला बांधलेल्या ॲपची चूक हंगामाइतकीच भरून न येणारी असते.

नानांचं काम मंगळवारी झालं. फोन बंद करून चालू केला, बाकी सगळी ॲप काढून टाकली, बांधावरच्या बाभळीपासून लांब जाऊन सहा मिनिटं उघड्यावर उभं राहून आधी नकाशात जागा पकडली, मग अर्ज. पाचव्या वेळी तो टिकला. पावती आली. तालुक्याला जाऊन ती छापून घेतली.

पावतीवर माझं जुनं दुखणं माझी वाट पाहत होतं. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी साठवला जातो म्हणून शोध लागत नाही, हे मी इथे दोनदा लिहिलं आहे, आणि ‘ऱ्य’चंही तसंच आहे हेही. काही कीबोर्ड या अर्ध्या र साठी र, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह पाठवतात. अदृश्य अक्षरं नकोत म्हणून सरसकट गाळणारा प्रोग्राम ते चिन्ह फेकून देतो आणि र वर जाऊन रफार होतो. मराठी वाचणाऱ्या एका माणसाने ती पावती एकदा वाचली असती तरी सापडलं असतं.

शेताच्या नावाच्या रकान्यात आम्ही ‘दऱ्याकडचं वावर’ लिहिलं होतं. छापून आलं ‘दर्याकडचं वावर’. नानांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, खिशातलं पेन काढलं, आणि वरचा रफार खोडून खाली नीट ऱ्य काढला. मग पावती घडी घालून सातबाराच्या पिशवीत ठेवली.