चाक चुकलं की इंजिन चुकलं!

यशवंतपूर! नाव ऐकलं की वाटतं, सातारा-कोल्हापूरकडचंच एखादं गाव असणार. प्रत्यक्षात हे आहे बेंगळूरु शहरातलं गजबजलेलं रेल्वे जंक्शन. आगगाडीच्या चाकांचा विषय निघाला, तर या स्थानकाचं नाव घ्यावंच लागतं, कारण याने एक नव्हे, तीन-तीन मापांचे रूळ पाहिले. १८८४ मध्ये बेंगळूरहून तुमकूरला मीटरगेजची गाडी सुरू झाली ती याच बाजूने. या रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर. १९१५ मध्ये यशवंतपूरहून देवनहळ्ळीमार्गे चिक्कबळ्ळापूरला अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिमी रुळांवरची छोटी गाडी धावू लागली. आणि आता तिथे आहे १६७६ मिमीचं ब्रॉडगेज.

यातल्या मीटरगेजशी मराठी माणसाचं नातं जुनं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबई-पुण्याहून बेंगळूरला निघालेलं कुटुंब मिरजेला उतरायचं, बिछाने-ट्रंका हमालाच्या डोक्यावर द्यायचं आणि पलीकडच्या फलाटावर उभ्या असलेल्या मीटरगेजच्या गाडीत शिरायचं. त्या काळात मीटरगेजच्या प्रवासी गाड्यांना जुंपलं जाणारं वाफेचं इंजिन म्हणजे ‘वायपी’. १९४९ ते १९७० या काळात अशी ८७१ इंजिनं भारतीय रेल्वेत दाखल झाली. सुरुवातीची परदेशातून आली, पुढे टेल्कोने जमशेदपूरला बनवली. ९०च्या दशकात मिरज-बेंगळूर मार्ग रुंद झाला. डिसेंबर १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरची वाफेच्या इंजिनाची नियमित सेवा संपली, नंतरच्या काही वर्षांत मीटरगेजवरचीही. बहुतेक इंजिनं भंगारात गेली.

आता समजा, यशवंतपुरात राहणाऱ्या एखाद्या छांदिष्टाने ठरवलं, की लहानपणी पाहिलेलं हे इंजिन घरच्या टेबलावर धावायला हवं. पितळी पत्रा कापायचा, वाकवायचा, डाख द्यायचा. बॉयलर होतो, केबिन होते, टेंडरही होतो. कोळसा तर खराच कुटून घालता येतो. इथवर सगळं हाताच्या कसबावर भागतं. घोडं अडतं ते चाकांपाशी.

चाकं वेगळी घ्या!

इंजिनाचा सुटा संच, म्हणजे ‘किट’ विकत घेतला तरी हीच गत. विलायतेतल्या अनेक संचांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की चाकं, मोटर आणि गिअर वेगळे घ्यावेत. कारण सरळ आहे. पत्र्याचे भाग छापल्यासारखे कितीही काढता येतात. चाक मात्र तंतोतंत गोल हवं, आखाच्या बरोबर मध्यावर बसायला हवं आणि दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग हवीत. दोन्ही रुळांतून वीज खेळत असते. धातूच्या आखाने दोन्ही चाकं थेट जोडली, तर क्षणात शॉर्टसर्किट!

खरी अडचण मापांची आहे. जगात सर्वांत जास्त चालणारं छोट्या रेल्वेचं प्रमाण म्हणजे ‘एच-ओ’, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं, तेही याच प्रमाणात आहे. पण या प्रमाणाचे बाजारी रूळ असतात १६.५ मिमीचे, कारण युरोप-अमेरिकेतले रूळ १४३५ मिमीचे. आपलं ब्रॉडगेज सत्त्याऐंशीने भागलं, तर १९.३ मिमी येतं. म्हणजे तयार चाकांवर ब्रॉडगेजचं इंजिन बसवलं, तर खऱ्या मापात ते तब्बल साडेनऊ इंचांनी अरुंद होतं. भारदस्त इंजिन चवड्यांवर उभं राहिल्यासारखं दिसतं!

मीटरगेजचं नशीब त्या मानाने बरं. हिशेबाने येतात ११.५ मिमी. स्वित्झर्लंडच्या डोंगरी मीटरगेज गाड्यांच्या प्रतिकृतींसाठी १२ मिमीचे रूळ तयार मिळतात. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, तो डोळ्यांना जाणवत नाही. रूळ मिळाले. चाकांचं काय?

व्यास जुळला, गजकर्ण उठलं

वायपीचं मोठं चाक साडेचार फुटांचं, म्हणजे १३७२ मिमी. मीटरगेजच्या मानाने हे बरंच मोठं. एच-ओ प्रमाणात ते होतं पावणेसोळा मिलिमीटर. विलायतेत याहून थोडं मोठं, फुटाला चार मिलिमीटर असं प्रमाण घरोघर चालतं, आणि त्या मापाची सुटी चाकं रॉमफर्ड (नंतरचे मार्किट्स) आणि ॲलन गिब्सन या नावांनी छांदिष्टांना परिचित आहेत. तिथलं चार फुटी चाक भरतं बरोबर १६ मिलिमीटर. वाटतं, झालं काम!

पण व्यास ही पहिलीच परीक्षा. दुसरी परीक्षा क्रँकची, म्हणजे चाकाच्या मध्यापासून दांड्याच्या खिळीपर्यंतच्या अंतराची. वायपीचा दट्ट्या २४ इंच मागे-पुढे होतो, म्हणून हे अंतर त्याच्या निम्मं, १२ इंच. एच-ओमध्ये ते साडेतीन मिलिमीटर होतं. चार मिलिमीटरच्या प्रमाणात त्याच १२ इंचांचे होतात ४ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडतं? दट्ट्याची एकूण चाल पूर्ण एक मिलिमीटरने वाढते आणि सिलिंडरपाशी जिथे जागा आधीच तंग, तिथे दांडा जाऊन आपटतो. इंजिन दर फेरीला उचकी देतं.

तिसरी परीक्षा आऱ्यांची. आरे किती, खिळी एका आऱ्याच्या रेषेत आहे की दोन आऱ्यांच्या मध्ये, आणि दांड्यांचं वजन तोलणारा अर्धचंद्र कुठल्या चाकावर केवढा आहे, हे सगळं इंजिनागणिक बदलतं. जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

चौथी परीक्षा फ्लँजची, चाक रुळावरून उतरू न देणाऱ्या कडेची. खऱ्या चाकाची ही कड साधारण २८ मिमी उंच, म्हणजे प्रतिकृतीत जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. एवढीशी कड टेबलावरच्या रुळांना पुरत नाही. म्हणून सर्रास वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मापात ती जवळपास दुप्पट धरतात. इथे अचूकपणाला थोडी मुरड घालावीच लागते. हुबेहूब चाक आणि रुळावर टिकणारं चाक यांत निवड करायची, तर शहाणा माणूस टिकणारं निवडतो.

सूट कुठे घ्यायची, हेही खरं इंजिनच सांगतं. वाफेच्या इंजिनाच्या चाकाला बैलगाडीच्या चाकासारखी धाव असते. लोखंडी धाव तापवून आऱ्यांच्या चाकावर चढवायची, निवली की ती घट्ट आवळते. ही धाव झिजली की लेथवर पुन्हा तासत. प्रत्येक तासणीगणिक चाकाचा व्यास कमी होत जाई. त्यामुळे प्रतिकृतीचं चाक व्यासात पाव मिलिमीटरने लहान असलं, म्हणजे खऱ्यात वीस-बावीस मिलिमीटरने, तर ते बरंच धावून आलेल्या इंजिनाचं मानावं! क्रँकला मात्र ही सवलत नाही. झिजेने खिळीची जागा हलत नसते.

काखेत कळसा

यशवंतपूरहून दहा-पंधरा किलोमीटरवर यलहंका. तिथे १९८४ पासून रेल्वेचा चाकांचा कारखाना आहे. आधी व्हील अँड ॲक्सल प्लँट, २००३ पासून रेल व्हील फॅक्टरी. भंगार पोलाद विजेच्या भट्टीत वितळवायचं आणि तो रस दाबाने ग्रॅफाइटच्या साच्यात खालून वर चढवायचा, अशी तिथली रीत. खऱ्या गाड्यांची चाकं जिथे रास लावून तयार होतात, त्याच शहरात सोळा मिलिमीटरच्या सहा चाकांसाठी विलायतेला पत्र घालायचं!

पण वाट शहरातच आहे. यशवंतपुराला लागून पीण्याची औद्योगिक वसाहत. तिथे छोट्या-छोट्या लेथ कारखान्यांचं जाळंच आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम करणाऱ्या टर्नरला सोळा मिलिमीटरची पोलादी धाव म्हणजे हातचा मळ. आऱ्यांचा मधला भाग आता संगणकावर रेखून थ्री-डी प्रिंटरवर रेझिनमध्ये काढता येतो. आरे हवे तितके, क्रँक बरोबर साडेतीन मिलिमीटर, अर्धचंद्र जिथल्या तिथे. त्यावर धाव दाबून बसवली की चाक तयार. रेझिनमधून वीज जात नाही, त्यामुळे शॉर्टसर्किटचा प्रश्नही मिटतो. विलायती चाकांतही पोलादी धावेच्या आत प्लास्टिकचे आरे असतात, ते याचसाठी.

यात अवघड काम एकच : टर्नरच्या हाती बिनचूक माप देणं. ते फोटोवरून मिळत नाही, कारण फोटोत चाक तिरकं दिसतं. त्यासाठी खऱ्या इंजिनापाशी जायला हवं. म्हैसूरचं रेल्वे संग्रहालय १९७९ पासून आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, शिवाय कित्येक स्थानकांबाहेर चौथऱ्यांवर जुनी इंजिनं उभी आहेत. रीतसर विचारून टेप लावावी. धावेवरचा व्यास, खिळीचं अंतर, आऱ्यांची संख्या, दोन आखांमधलं अंतर, सगळं वहीत उतरवावं. वर इंजिनाचा नंबर आणि तारीख लिहावी. उघड्यावरचं लोखंड पावसात कुजतं, रंगाच्या थरांखाली बारकावे बुजतात. आज घेतलेलं माप उद्या घेता येईलच असं नाही. अशी एक वही दहा जणांच्या इंजिनांना पुरते.

चाकं हातात आली की उरते ती जोडणी. डाव्या आणि उजव्या बाजूच्या खिळ्या एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या. खऱ्या इंजिनात हे अशासाठी, की एका बाजूचा दट्ट्या टोकाला जाऊन अडला तर दुसऱ्या बाजूचा ढकलायला तयार असावा. प्रतिकृतीत मोटर असते, तरी हा कोन चुकवून चालत नाही. तो ९० ऐवजी ८९ अंश झाला तर हरकत नाही, पण तिन्ही आखांवर अगदी एकसारखा हवा, नाहीतर जोडदांडे अडकतात. म्हणून तिन्ही आख एकाच साच्यात धरून जुळवावेत. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतरही एकाच ठोकळ्याने तपासावं.

मोटर लावायची घाई मात्र करू नये. मोटर जोर लावते आणि दोष झाकते. आधी चाकं आणि दांडे बसवलेला नुसता सांगाडा काचेवर ठेवावा आणि काच अलगद तिरकी करावी. सांगाडा आपल्या वजनाने, कुठेही न अडखळता घरंगळत गेला, की चाकं जमली!