लेकराशी कोणत्या भाषेत बोलावे?

‘डॉक्टरसाहेब, लेकरू दोन वर्षांचं झालं, अजून बोलेना. घरात दोन-दोन भाषा चालतात, म्हणून असं झालं का?’ देगलूर, बिलोली, किनवट, उदगीर या भागांतून येणारे पालक हा प्रश्न नेहमी विचारतात. घरात तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा बंजारा बोली, गल्लीत मराठी आणि पुढे इंग्रजी शाळा. मग कोणीतरी शहाणा सल्ला देतो, ‘घरची भाषा बंद करा, फक्त इंग्रजीत बोला.’ माझ्या मते हा सल्ला घातक आहे.

एकाहून अधिक भाषा कानांवर पडल्याने मूल मुके राहत नाही. सुरुवातीला ते भाषांची सरमिसळ करते, पण तो आजार नव्हे. त्याला किती शब्द येतात हे मोजताना सर्व भाषांतले शब्द एकत्र धरावेत. निजामाच्या राजवटीत आपल्या आजोबांच्या पिढीतले अनेकजण घरी मराठी बोलले आणि शाळेत उर्दूतून शिकले. त्यांची मराठी काही बिघडली नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली बुद्धिमत्तेचे सात प्रकार सांगितले, त्यांत भाषिक बुद्धिमत्ता हा एक. सगळ्या तज्ज्ञांना ही विभागणी मान्य नाही. पण शब्द नेमका वापरणे, ऐकलेले समजून घेणे, मनातले मांडणे ही शक्ती लहानपणच्या बोलण्याचालण्यातून वाढते, याबद्दल वाद नाही. आणि आईला जी भाषा सहज येते, तिच्यातच ती लेकराशी भरपूर बोलू शकते. तोडक्यामोडक्या इंग्रजीत ‘ईट’, ‘कम’, ‘सिट’ एवढेच होते. रागवणे, लाड, थट्टा, गोष्ट काहीच होत नाही. लातूर पॅटर्नच्या मुलखात बारावीच्या गुणांची चिंता आपण बालवाडीपासून करतो, पण घरी मुलाला पाच मिनिटे ऐकून घेत नाही!

यासाठी महागडे साहित्य लागत नाही. भाजी निवडताना तिच्याबद्दल बोला. मूल ‘भू’ म्हणाले तर ‘हो, काळं कुत्रं पळालं’ असे वाक्य पुरे करून द्या. आजीची गोष्ट, कोडी, उखाणे चालू ठेवा. तीच गोष्ट दहा वेळा मागितली तरी कंटाळू नका. मोबाईल बोलतो खरा, पण लेकराचे ऐकून उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाखालील बाळांना पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाहून अधिक नको, असे सांगितले आहे. आमच्याकडे घास भरवायलाच मोबाईल लागतो.

बोलायला खरोखर उशीर होत असेल, तर भाषेला दोष न देता आधी कान तपासा. दीड वर्षापर्यंत काही अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडी यायला हवी. ती येत नसेल, तर ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ म्हणून थांबू नये. मामाच्या मुलीशी किंवा अन्य जवळच्या नात्यात लग्न झाले असल्यास जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो, तेव्हा अशा घरांनी अधिक जागरूक राहावे. टाळी वाजवली की मूल वळून बघते, ही तपासणी नव्हे. हात हललेला दिसला तरी ते वळते. ऐकू चांगले येत असूनही मूल नजरेला नजर देत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील कान-नाक-घसा विभागात कानांच्या तपासणीची चौकशी करावी. ‘बेरा’ नावाच्या तपासणीला लहान मूल झोपलेले लागते, म्हणून जाताना एसटीत त्याला झोपू देऊ नये.